लाइन लागत नाही

पोस्टाच्या मागच्या खोलीत
सोलांज ब्रिशे बसायची, कानावर हेडफोन,
समोर लाकडी फळी, फळीवर चोवीस भोकं.
एकेका भोकात एकेक गाव.
आठ वर्षांत तिला पाठ झालं होतं
कोण कुणाशी बोलत नाही,
डॉक्टरची बायको दुपारी कुठे फोन लावते,
आणि ऑर्मेलच्या दूधडेअरीत
भिंतीवरचं घड्याळ किती जोरात टिकटिकतं.

चाळीस सालचा मे. बुधवार. सकाळचे सहा.
ऑर्मेल, नंबर सात.
प्लग घातला, काढला, फुंकर मारून पुन्हा घातला.
घड्याळ नाही. शंख कानाला लावल्यासारखी
नुसती पोकळी.
तिनं वहीत लिहिलं: सात, बिघाड.

सव्वासातला मुख्यालयातून कर्नल.
शत्रू कुठवर आला?
त्याच्या नकाशावर निळ्या पेन्सिलीनं नोंद होती:
नदी ओलांडायला पाच दिवस.
मागच्या लढाईत एका बटाट्याच्या शेतापायी
दोन उन्हाळे गेले होते,
त्या मानानं पाच दिवस म्हणजे उधळपट्टीच.
महाशय, सात लागत नाही, सोलांज म्हणाली.
बाई, मी फोनचं विचारत नाहीये.

आठला अकरा नंबर गेला. साडेआठला बारा.
आणि मग एकदम एकोणीस,
बाराच्या कितीतरी पश्चिमेला,
जिथे तिची आत्या ब्रेड विकायची.
सोलांजनं वहीतला ‘बिघाड’ खोडला.
बिघाड असा डांबरी रस्ता धरून चालत नाही.

मेलेली भोकं तिनं बोटानं जोडत नेली.
किल्ले होते तिथे बोट गेलंच नाही.
दोन सैन्यांच्या मधल्या शिवणीतून
सुई शिरावी तशी रेघ सरळ
तिच्या खुर्चीकडे येत होती.

दहाला विचारलेल्या प्रश्नावर
कर्नलचा हुकूम दोनला सुटायचा.
तोवर प्रश्न वीस किलोमीटर पुढे.

ते मात्र पावणेबारालाच आले.
समोरच्या पंपावर सतरा रणगाडे रांगेत उभे,
पिठाच्या गिरणीतून निघाल्यासारखी पोरं,
डोळे लाल, तीन रात्रींची झोप
गोळ्या खाऊन पुढे ढकललेली.
आन्सेल्मनं पेट्रोल भरलं.
का भरलं, हे तो पुढे आयुष्यभर सांगत राहिला,
दरवेळी वेगळं.
एकानं तर मोजून पैसे दिले,
सुटे परत घ्यायला थांबला नाही.

मग रस्ता रिकामा.
एक वाजला. दोन वाजले.
एक कुत्रं आडवं गेलं.
हत्ती गेला होता, शेपूट अजून मागे
घोडागाड्यांवर, फोड आलेल्या पायांवर,
कुठल्यातरी पुलापाशी अडकलेलं.

सोलांजनं स्वतःहून नंबर एक लावला.
महाशय, मधे कुणीच नाही.
पेट्रोल आमच्याकडून घेतात, झोपलेले नाहीत.
आत्ता आलात तर दोरी मधोमध कापता येईल.
कुणी पाहिलं?
मी. खिडकीतून.
थोडा वेळ कागद चाळल्याचा आवाज.
आपला हुद्दा काय, बाई?

तीनला तिनं पुन्हा लावला.
नंबर एक लागेना.
तिथवर तर कुणी पोचलंही नव्हतं.
मुख्यालय नुसतं उठून गेलं होतं.
टेबलावर बहुधा नकाशा तसाच, कॉफी अर्धी,
आणि नदीला अजून
तीन दिवस शिल्लक.

तिनं हेडफोन काढून मांडीवर ठेवला.
खरं तर निघायला हवं होतं. सायकल दाराशीच होती.

तेवढ्यात सातची पट्टी खाली पडली.
ऑर्मेल.
मागे घड्याळ, टिक टिक, तेच.
आणि डेअरीतल्या म्हाताऱ्या मादाम कोलिनेचा आवाज,
रागावलेला:
सकाळपासून कॅन उन्हात पडलेत,
दूध न्यायला गाडी येणार आहे की नाही?

तार कुणी जोडली,
सोलांजनं विचारलं नाही.
विचारते, असं म्हणाली,
आणि वहीत लिहिलं: सात, सुरू.