जांभा, नमुना सतरा

विक्रोळीच्या लॅबमध्ये
लांज्याहून आलेली गोणी.
रंगांच्या पुस्तकाची पानं लावून लावून
मी लिहिते : गडद तांबडा.
थर : वीतभर, जरा कमीच.

भेकरेकाका नखानं ओरखडून बघतात.
बावीस वर्षं चिरेखाणीत होते.
म्हणतात, जमिनीत आहे तोवर
हा खरवसासारखा कापावा;
एकदा वारं लागलं की संपलं,
मग पाण्यात ठेव नाहीतर पुरात.

तरी नियम म्हणून
तुकडा रात्रभर बुडवून ठेवते.

सकाळी पाणी नितळ.
तळाशी चिमूटभर गेरू.
तुकडा होता तसाच.

वर्ग : कठीण, पाण्यात न सुटणारा.
खाली सही.

काका डब्याचं झाकण काढता काढता विचारतात,
"लांज्यात कुठल्या वाडीतला गं?"

फॉर्म उलटून बघते.
मागची बाजू कोरी.