‘ने’ म्हणजे होय

सिडकोत, बोरस्तेमामांच्या गच्चीवर
आठ फुटी जाळीची छत्री.
केबलचा धंदा सेट-टॉप बॉक्सनं गिळला, ही तेवढी उरली.
भंगारवाला साडेचारशेच्या वर जाईना.

एका रविवारी कबुतराचं घरटं काढताना
मामांचं कोपर लागलं
आणि छत्री दोन बोटं सरकली.
खाली टीव्हीवर एक बाई बातम्या सांगत होती,
कुठल्या, कोण जाणे.
पण तळाच्या पट्टीतली अक्षरं बघून मामा जिन्यातच थांबले:
"अरे, हा तर वर्तुळातला पाय. हा थीटा.
आणि हा ओमेगा!
तीस वर्षं मीटरवर बघतोय याला.
हा ओहमशिवाय आणखी काही बोलतो,
हे आयटीआयत कुणी सांगितलंच नाही."

वसुलीच्या वहीच्या मागच्या पानावर
मामांनी मुळाक्षरं जमवली.
काना नाही, मात्रा नाही, सगळं सुटं सुटं.
शब्द मात्र तीनच हाती लागले.
कालिमेरा, सकाळचं.
ओही, नाही.
आणि ने.
ने म्हणजे होय.
मामी म्हणाल्या, "होय म्हणताना ने म्हणतात?
काय नेऊ मेले?"

एकदा पडद्यावर एक म्हातारा
वेलीचे फुटवे खुडत होता, अंगठ्यानं, न बघता.
मामांनी आवाज बंद केला.
"हा हात ओझरचा आहे," म्हणाले.

मग जूनमधल्या एका रात्री, दीड वाजता,
बाई बोलता बोलता गेली.
पडदा काळा.
मामा तेरा नंबरचा पाना घेऊन गच्चीवर,
मी खाली टीव्हीपाशी.
"आलं का?"
"ओही!"
"आता?"
"ओही, मामा!"
शेजारच्या पगारेंनी खिडकी लावून घेतली.
पहाटेपर्यंत त्यांना वाटत होतं,
चूक आपल्याच कोपराची.

तिसऱ्या दिवशी पेपरात, आतल्या पानावर, चार ओळी:
तिथल्या सरकारनं आपलाच टीव्ही
एका रात्रीत बंद केला.
मामांनी पेपरची घडी घातली. चहा प्यायले नाहीत.
"चल," म्हणाले, आणि स्कूटर पांडवलेण्याकडे.

सतराव्या लेण्याच्या ओसरीत
त्यांनी मान वर केली.
ब्राह्मी त्यांना येत नाही. मलाही नाही.
पाटीवाल्यानं सांगितलं ते एवढंच:
उत्तरेकडचा कुणी योनक, इंद्राग्निदत्त,
त्यानं हे लेणं दिलं, पाण्याची टाकी दिली.
मामा टाक्याशी वाकले.
पाण्यात एक प्लास्टिकची बाटली आणि आभाळ.
"एवढ्या लांब येऊन," ते म्हणाले,
"हा होय कसं म्हणत असेल रे लोकांना?"

घरी येऊन त्यांनी छत्रीच्या नटांना ग्रीस लावलं.
मी हसलो. ते नाही हसले.

परवा भंगारवाला सहाशेवर आला.
"नेऊ?"
मामा बराच वेळ जाळीतून पश्चिमेकडे बघत राहिले.
मग म्हणाले, "ओही."
त्यानं आणखी पन्नास वाढवले.