माया

मगदूमांच्या पद्मजाचा ब्लाऊज
दोन महिन्यांत तिसऱ्यांदा आत घेतला मी.
छत्तीस. चौतीस. साडेबत्तीस.
"काकी, अजून टाइट."

दिवसाला पाचशे कॅलरी, म्हणाली,
पाकिटातली पावडर, पाण्यातनं, दोनदा.
मी पुढं केलेली भडंगाची वाटी
नुसती हुंगली तिनं.

टेप लावताना हाड लागायचं बोटांना, गार.
भर मे महिन्यात, सांगलीत,
पंखा बंद करा म्हणायची.
ती गेल्यावर मशीनच्या पायाशी
दोऱ्यांपेक्षा केसच जास्त.

मी काही बोलले नाही.
गिऱ्हाईक होतं.

लग्नाला अकरा दिवस असताना
कळ आली पोटात, रातोरात मिरजेला नेलं.
पित्ताचे खडे.
तिच्या आईनं डबी उघडून दाखवली, मुगाएवढे, हिरवट.
"खातच नव्हती वो, मग हे कुठनं आलं?"
न खाण्यातनंच, म्हणे डॉक्टर.

आज ब्लाऊज परत आलाय.
चष्मा लावून उसवत बसलेय,
एकेक टाका.

शिवणीत दीड इंच माया सोडते मी, सगळ्यांच्याच.
"जाड दिसतंय, कापून टाका," म्हणाली होती.

हो म्हणाले होते.
कापली नव्हती.