मानशीपाशी

आज तास आडपईच्या बांधावर.
प्रयोगशाळेतला पंखा बंद आहे, आणि फळ्यावरचा मेंदू
मला स्वतःलाच फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा दिसायला लागलाय.
चपला हातात घ्या. कुर्ल्यांची बिळं आहेत, सांभाळून.

सोमवारी प्रार्थनेच्या रांगेत दीक्षिता पडली
तेव्हा शांबा शिपायानं कांदा फोडून आणला,
कुणी किल्ल्यांचा जुडगा, कुणी चप्पल,
आणि मी, जीवशास्त्राची बाई,
तिला कुशीवर वळवायचं सोडून
नुसती "सरका, सरका" ओरडत राहिले.
किती वेळ चाललं? डॉक्टरांनी फोनवर विचारलं.
सगळी शाळा गप्प.
मागून तन्वेश म्हणाला, एक मिनिट पन्नास सेकंद.
तोच तन्वेश, ज्याला वर्षभर
घड्याळाकडे बघतोस म्हणून उभं केलं मी.

ते घड्याळ काढू नकोस रे हातातलं.

ही बघा मानस. पाण्याच्या या दाराला आपल्याकडे
हाच शब्द, कुणी ठेवला कोण जाणे.
भरतीला दारं आपली आपण मिटतात, ओहोटीला उघडतात,
म्हणून आत भात, बाहेर खारं पाणी.
मेंदूच्या पेशीलाही अशीच दारं. मीठ आत, मीठ बाहेर,
त्यावरच तुमचं नाव, तुमचा राग, सतराचा पाढा.
कधी ती एकदम उघडतात, शेजारची, तिच्याही शेजारची,
आणि सगळं खाजन एकाच लाटेत हलू लागतं.
पुस्तकात इतकंच आहे.
पुढचं पान अगदी कोरं नाही,
पण फार ठिकाणी "कदाचित" लिहिलंय.

रोविना विचारते, हिचा कुत्रा आधीच उठून
हिच्या पायाशी का येऊन बसतो? वास येतो त्याला कसला?
मला माहीत नाही.
हर्षद म्हणतो, बांधाला खांड पडते
ती बोटाएवढ्या बिळापासून.
बांध न खणता ते बीळ आधी कसं ओळखायचं?
तेही माहीत नाही, आणि हे सांगताना
पंधरा वर्षांत पहिल्यांदा मला लाज वाटत नाहीये.
लिहून घ्या. उत्तर नको, प्रश्न.

दीक्षिता टोकाला एकटी उभी होती.
दप्तरातून तिनं कॅलेंडर काढलं, भिंतीवरचं, तेलकट.
तीन वर्षांचे लाल ठिपके,
बाजूला वडिलांच्या अक्षरात उधाण, भांग,
कारण ते मासे धरतात.
"तुम्ही सगळे बाहेरून बघता, बाई.
आतून बघितलंय ते मी एकटीनं.
आधी जिभेवर गंजाची चव येते,
मग माणसांचे आवाज पाण्याखाली जातात.
हे कुठल्या रकान्यात लिहू?"

रकाना नाही. तू आख.

ठिपक्यांचा नि भरतीचा संबंध नसेलही काही.
नाही, हे कळायलासुद्धा
कुणीतरी शेकडो दिवस मोजावे लागतात.
तोवर गोळ्या वेळेवर, हं. त्यात प्रयोग नाही.

पाणी फिरलं वाटतं.
ओल्या फळीनं एकदाच कुरकुर केली.
तन्वेश,
किती वाजले?