पडून राहण्याचा हिशेब

सकाळचे सहा. कुओपिओचं तळं अजून काळं,
खिडकीबाहेर उणे बावीस.
ताउनोला मी पाठीवर निजवते
आणि डोक्यावर पारदर्शक घुमट उतरवते,
केकवर झाकण ठेवावं तसा.
"केकचं नाव काढू नकोस, हिल्क्का," तो आतून म्हणतो.
प्लास्टिकला वाफ धरते.
झालं. बोललेला श्वास मला चालत नाही,
पुन्हा पहिल्यापासून.

हलायचं नाही. झोपायचं नाही.
कुणाचा राग आठवायचा नाही.
अर्धा तास, एवढंच काम.
माणूस काहीच करत नसतो तेव्हा
त्याच्यात काय काय जळतं, ते मी मोजते:
हृदयाची ये-जा, मूत्रपिंडांची गाळणी,
मेंदूतला कधीच न मालवणारा दिवा.
प्राणवायू आत किती गेला, बाहेर काय आलं,
बाकी नुसती आकडेमोड.

तीस हिवाळे ताउनोने नगरपालिकेच्या गाडीवरून
रात्री तीनला बर्फ ढकलला,
मांडीवर रायची काळी भाकरी, थर्मासात कॉफी.
मग निवृत्त झाला. बर्फ तेवढाच पडत राहिला,
साचत गेला मात्र त्याच्या अंगावर.

उन्हाळ्यापासून सतरा किलो गेले.
त्यांच्यामागून, न सांगता, आणखीही काही गेलं.
यंत्र म्हणतं: एवढ्या वजनाच्या माणसाने
पडल्या पडल्या जेवढं जाळावं, तेवढंही तू जाळत नाहीस.
त्याने कागद सुलटा धरून पाहिला, उलटा धरून पाहिला.
"म्हणजे मी पडून राहण्यातही आळशी?"

आळशी नाही रे.
भुकेने एकदा पोळलेलं शरीर
ताकसुद्धा फुंकून पितं.
तुझ्या पणजीच्या आईने पाइनची आतली साल दळून
पिठात मिसळली होती, शेवटची गाय विकल्यानंतर.
शरीराला आपलं संमतीपत्रक वाचता येत नाही.
त्याला वाटतं, तोच हिवाळा परत आला.
ते विस्तवावर राख ओढून घेतं,
अंथरूण पाहून पाय पसरतं;
आणि अंथरूण तर आपण रोज कापतोय.

मग चार-चार आठवड्यांची तीन ताटं.
उष्मांक तिन्हींत सारखे
(आमची सिर्कू वाटाणेसुद्धा तोलते).
पहिल्यात बटाटा, भाकरी, लोणी नावालाही नाही.
दुसऱ्यात पिवळ्या वाटाण्याचं सूप, अख्खं जव, रानातली आंबट फळं.
तिसऱ्यात मासा, अंडी, साय, लोणी,
भाकरीचा तुकडा नाही.
"सरपण तेवढंच ना," ताउनो म्हणाला,
"मग लाकूड बर्चचं की फरचं, काय फरक?"
आणि स्वतःच थबकला.
सौना तापवणाऱ्याने विचारायचा प्रश्न नव्हता तो.

पहिल्या ताटानंतर आकडा सर्वांत खाली.
दुसऱ्यानंतर जरा वर.
तिसऱ्यानंतर आणखी थोडा. राखेखाली कुणीतरी फुंकर घातली होती.
मी टाळ्या पिटल्या नाहीत.
एका माणसाच्या श्वासावरून कायदे लिहीत नाहीत,
आणि एवढं लोणी त्याच्या रक्तात काय करतंय
ती वही दुसऱ्या कपाटात असते,
तिची किल्ली माझ्याकडे नाही.

आज शेवटचं मोजमाप.
एकोणिसाव्या मिनिटाला रेघ अचानक उसळली.
ताउनो हलला नव्हता, डोळे उघडे, हात शांत.
घुमट काढल्यावर विचारलं, काय आठवलं?
लाजला. सहासष्ट वर्षांचा माणूस.
"शनिवार. बहिणीची भट्टी.
रायच्या कणकेत मासे कोंडून
रात्रभर भाजलेला कुक्को. ती तो मोडते,
आणि पहिली कड मला देते."

नियमाप्रमाणे ती पाच मिनिटं मी खोडते.
समासात मात्र, पेन्सिलीने, बारीक अक्षरात
लिहून ठेवते:
भाकरी. गरम.