तळं घरात येतं का

एस्तेर सांगते, गावाचं नाव लिहिताना ज,
म्हणताना य: यॉनशॉपिंग.
मिरजेच्या दवाखान्यात बत्तीस वर्षं
मी बाटल्यांवर औषधांची नावं लिहिली, लॅटिनसुद्धा,
पण हे एक नाव जिभेवरून निसटतं
ओल्या साबणासारखं.

फोन घेऊन ती खिडकीशी जाते.
हे बघ मामा, आमचं तळं. व्हेटर्न.
मिरजेत एक टोक ठेवलं
तर दुसरं पार साताऱ्याला पोचेल एवढं लांब.
आणि नितळ. लोक तसंच पितात म्हणे.
मी विचारलं ते घाटावरच्या माणसानं विचारावं तेच:
तळं घरात येतं का गं?
हसली. नाही मामा,
ते आपल्या जागेवर असतं.

आमच्या भिंतीवर अजून रेघ आहे,
एकोणीस सालची, माझ्या खांद्याला लागते.
तिच्या खाली पाच सालची, विटकरी.
दोनदा रंग दिला तरी वर येते.

रात्रपाळी संपली की ती गावाची गोष्ट सांगते.
तिकडे उजाडलेलं नसतं,
इकडे माझं ताट घासून झालेलं असतं.
बाराशे चौऱ्याऐंशीला राजानं सनद दिली.
(म्हणजे देवगिरीला यादव होते अजून, मी मनात.)
सोळाशे बाराला दक्षिणेकडून शत्रू आला,
तेव्हा त्यांच्याच लोकांनी गावाला आग लावली.
त्याला मिळायला नको, बस.
मग राजा म्हणाला, थोडं पूर्वेला सरका,
आणि अख्खं गाव सरकलं.
पुनर्वसन, मी म्हटलं.
हो, तेच. तिला फोड करून सांगावं लागलं नाही.

आणि जे गाव आपल्याच हातानं जळलं
त्यानंच पुढे जगाला काडेपेट्या विकल्या.
आधी पांढरा फॉस्फरस.
बाया, पोरं घरोघरी खोकी चिकटवत बसायची,
आमची आई खळ लावून
औषधाच्या पुड्यांच्या पिशव्या करायची तशी,
शेकड्यावर.
कारखान्यातल्यांचा जबडा सडायचा.
दातापासून सुरू व्हायचं, मग हाड काळं.
नर्स आहे, एका दमात बोलून गेली.
नंतर बराच वेळ फोन नुसता तळ्याकडे धरलेला,
तळ्यावर काहीच नव्हतं.

मग कुणीतरी ते विष काडीतून काढलं,
तांबडं, निरुपद्रवी करून पेटीच्या कडेला फासलं.
आता काडी कुठंही घासून पेटत नाही,
तिला तिचीच पेटी लागते.
बरं झालं, मी म्हटलं.
फोन ठेवल्यावर मात्र
हे वाक्य दुपारभर घरात फिरत राहिलं.
रूथला सांगितलं नाही. आई आहे ती तिची.

नाताळला एस्तेर आली.
कारखाने कधीच बंद झालेत,
एका इमारतीत संग्रहालय आहे,
तिथली काडेपेटी माझ्यासाठी. रिकामी.
काड्या विमानतळावर काढून ठेवल्या, मामा.
असू दे.
कोपऱ्यावरच्या बाळगोंडाच्या टपरीतून
मी दोन रुपयांची पेटी आणली, शिवकाशीची,
हिच्यात ओतली. चार काड्या उरल्या,
त्या खिशात.

रात्री लाइट गेली.
रूथ म्हणाली, बघ तरी लावून.
पहिली: फुस्स.
दुसरी मोडली.
तिसरी
पेटली, आणि आम्हा तिघांची तोंडं पिवळी झाली,
मागच्या भिंतीवरच्या दोन्ही रेघा दिसल्या.
मेणबत्ती फळीवरच होती.
कुणी उठलं नाही.
बोटाला चटका बसला तेव्हा
एस्तेर म्हणाली, टाक की मामा,
मी म्हटलं, थांब.