प्रतिशब्द

विंटरथुरला, फिओरेल्लाबाईंच्या स्वयंपाकघरात
मी वही उघडून बसलो आहे.
त्या माझ्यापुढे एक शब्द वाढतात:
युबरफ्रेम्डुंग.
सावकाश चावा, म्हणतात, आत हाड आहे.

मी सवयीने फोडून बघतो.
फ्रेम्ड म्हणजे परका, इथवर ठीक.
युबर म्हणजे वर, काठावरून, उतू.
म्हणजे परक्यांनी पातेलं उतू जाणं.
शब्दात द्वेष कुठेच नाही.
असता तर कुणीही वासावरून ओळखला असता.
यात फक्त माप आहे.
किती झाले की फार झाले,
एवढंच विचारणारा, चष्मा पुसत बसलेला शब्द.

तो मोर्च्यातून आला नाही, त्या सांगतात,
फायलीतून आला.
कचेरीत वाढला, कायद्याच्या कलमात जाऊन बसला.
माझे वडील एव्हारिस्तो बेल्लूनोहून
नऊ महिन्यांच्या परवान्यावर बोगदा खणायला आले
तेव्हा तो आधीच सीमेवरच्या स्टेशनात होता,
उघड्या छातीच्या पुरुषांची रांग मोजत.

नऊ महिन्यांच्या परवान्यात बायको बसत नाही.
मूल तर नाहीच.
मी आले, आईच्या कोटाखालून.
चार वर्षं एका खोलीत.
दिवसभर कपाटात नव्हे हो,
लोक उगाच वाढवून सांगतात.
जिन्यावर पाऊल वाजलं, तरच कपाटात.
खोकला आला तर बापाचा लोकरी मोजा चावायचा.
खालच्या मजल्यावरची फ्राउ त्सॅन्गर म्हणायची,
तुमच्याकडे उंदीर झालेत वाटतं,
आणि दाराशी एक नासपती ठेवून जायची.
कधी सोललेली. उंदराला कोण सोलून देतं?

सत्तर सालच्या जूनमध्ये मतदान झालं.
परके शंभरात दहा, बाकीचे परत.
मत फक्त पुरुषांना.
हेर त्सॅन्गर रविवारचं जाकीट घालून गेले,
ती बटाटे सोलत मागे राहिली.
शंभरातले शेहेचाळीस हो म्हणाले.

म्हणजे हरले, मी म्हणतो.

हरलेच की.
पण त्यानंतर मी ट्राममध्ये माणसं मोजायला लागले.
शंभरापर्यंत मोजून होतं.
शेहेचाळीस कुठले, ते काही कळत नाही.

मी प्रतिशब्द शोधतो.
परकीयद्वेष चालत नाही, तो फार प्रामाणिक आहे,
तोंडावर सांगतो.
मग उपरा आठवतो, आणि मी चमकतो:
युबर आणि उपरि, एकाच घरचे दोघे भाऊ,
एक आल्प्सकडे गेला, एक आमच्याकडे,
आणि दोघांनीही वर काय आलंय
तेवढंच बघायचा धंदा धरला.
उपरेवाढ? उपरेभरती?
वहीत लिहितो, खोडतो.

मग जिभेवर येतो भूमिपुत्र.
यात तर परका हा शब्दसुद्धा नाही.
माती आहे, लेक आहे,
वर आईच्या हातचं काहीतरी असल्यासारखी चव.
हा मी वापरला आहे.
भाषणाला टाळ्या वाजवताना, हार घालताना,
एकदा शेजारच्या पाणीपुरीवाल्याचं गाव विचारताना.
मी त्यात कपाट शोधतो.
सापडायला वेळ लागत नाही.

तुमच्याकडे आहे का असा शब्द? त्या विचारतात.
शोधतोय, मी म्हणतो.

त्या कॉफी ओततात.
माझा धाकटा, रेमो, इथलाच नागरिक,
परवा जेवताना म्हणाला, एरिट्रियावाले फार झालेत.
युबर म्हणाला नाही. फार म्हणाला.
मी त्याला नासपती कापून दिली,
आणखी काय

इतक्यात खाली जिन्यावर कुणीतरी चढू लागतं.
फिओरेल्लाबाई वाक्य तिथेच ठेवतात,
पाऊल दुसऱ्या मजल्यावरून पुढे जाईपर्यंत.
मीही पेन्सिल उचलून धरतो.
वहीत त्या शब्दापुढची जागा कोरी आहे.